रात्रवर्गातून आलेली पदवी

पावसाळा सरता सरता एका रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ भेटीस आले. त्यांच्या हाती एका इंग्रजी विद्यापीठाचे माहितीपत्रक होते. कन्या बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिची मावशी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. तिच्या आधाराने तेथे जाऊन तीन वर्षांची बी. ए. करावी असे मुलीने मनाशी ठरविले होते, आणि विषय होता 'कल्चरल स्टडीज', म्हणजे संस्कृती-अभ्यास. "फादर, डॉक्टर म्हणजे काय ते मला कळते, इंजिनिअरही कळतो," ते म्हणाले, "पण संस्कृती शिकून पोर करणार काय? आणि ती शिकायला एवढ्या लांब कशाला जायचे? संस्कृती तर घरातच आहे ना?"

प्रश्न हसत विचारला असला तरी त्यामागे हसण्यासारखे काही नव्हते. परदेशी विद्यार्थ्यांना तेथे स्थानिक विद्यार्थ्यांहून पुष्कळ अधिक शुल्क भरावे लागते, आणि त्यासाठी घरच्या केळीच्या वाडीतील एक तुकडा विकावा लागणार होता. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. मात्र त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाने माझा पाठलाग केला. या विषयाचा इतिहास पूर्वी थोडाफार वाचला होता, तो पुन्हा काढून वाचला. तेव्हा ध्यानात आले की 'संस्कृती घरातच आहे' हे वाक्य त्या गृहस्थांचेच नव्हे. या विद्याशाखेचा जन्मच जवळजवळ त्या वाक्यातून झालेला आहे. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'कल्चर' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तेथे त्याचा संबंध जमिनीची मशागत करण्याशी आहे. म्हणूनच बंगालीत त्याला 'कृष्टी' असा प्रतिशब्द योजला गेला होता. रवींद्रनाथ टागोरांना तो रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी नमूद केले आहे, की १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून त्यांना 'संस्कृती' हा शब्द मिळाला. मराठीत तो या अर्थाने रूढच होता. चटर्जींनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि त्यांनी आनंदाने स्वीकारला. आपल्या भाषेने दिलेला हा शब्द सुंदर आहे यात शंका नाही. तथापि त्यात एक धोका दडलेला आहे. संस्कृती म्हणजे काहीतरी संस्कारित, उंचावरचे, शिष्ट माणसांचे, अशी समजूत तो करून देतो. वाडीला पाणी लावणाऱ्या माणसाला वाटते की ती आपल्याकडे नाही, दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. 'कृष्टी' शब्दाला निदान मातीचा वास होता!

संस्कृतीचा पदवीसाठी अभ्यास ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवी आहे असेही नव्हे. स्पेनमधील बार्सिलोनाचे येशूसंघीय फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईला आले, सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले आणि १९२६ साली त्यांनी तेथे इतिहास-संशोधन संस्था उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच महाविद्यालयात 'प्राचीन भारतीय संस्कृती' या विषयात बी. ए. केलेले अनेकजण आपल्या परिचयाचे असतील. परंतु तो अभ्यास मुद्रांचा, शिलालेखांचा, मंदिरांचा आणि ग्रंथांचा. काळाने पारखून ठेवलेल्या वस्तूंचा. आमच्या धर्मग्रामातील मुलीला शिकावयाचा होता तो विषय निराळा. आज, आत्ता, सामान्य माणसे काय वाचतात, काय पाहतात, कोणती गाणी गातात, काय नेसतात, कशाला हसतात, आणि त्यातून त्यांचे जगणे कसे घडते, याचा तो अभ्यास आहे. त्याची सुरुवात विद्यापीठाच्या सभागृहात झाली नाही. ती रात्रीच्या वर्गांत झाली.

इंग्लंडमध्ये १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगारांच्या शिक्षणासाठी एक संघटना काढली. ती पुढे 'वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन' या नावाने प्रसिद्ध झाली. १९०८ च्या आरंभी आर. एच. टॉनी या तरुण अध्यापकाने रॉचडेल आणि लाँगटन या दोन गावांत तिचे पहिले नियमित वर्ग घेतले. रॉचडेल हे कापडगिरण्यांचे गाव, लाँगटन हे चिनी मातीच्या भांड्यांचे. दिवसभर यंत्रापुढे वा भट्टीपुढे उभी राहिलेली माणसे संध्याकाळी येत. पहिला तास व्याख्यान, दुसरा तास चर्चा. दर पंधरवड्याला निबंध लिहून आणावयाचा आणि वर्ग तीन वर्षे सोडावयाचा नाही, असे वचन द्यावयाचे. शेवटी पदवी मात्र मिळावयाची नाही! पदवी नाही, पगारवाढ नाही, बढती नाही. तरीही माणसे येत राहिली. विद्यार्थ्यांच्या उपस्थितीची चिंता वाहणाऱ्या आजच्या प्राध्यापकांनी यावर क्षणभर थांबून विचार करावा.

दुसरे महायुद्ध संपल्यावर या प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात तीन तरुण शिरले. पुढे ज्यांना या विद्याशाखेचे जनक म्हटले गेले ते हेच. रेमंड विल्यम्स वेल्सच्या सीमेवरील पँडी या खेड्यातला, रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा. केंब्रिजला शिकला, युद्धात रणगाड्यांच्या तुकडीत लढला आणि १९४६ पासून पंधरा वर्षे ऑक्सफर्डच्या बहिःशाल विभागातर्फे ससेक्स भागात प्रौढांना साहित्य शिकवीत राहिला. एडवर्ड थॉम्पसन १९४८ पासून लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात होता. त्याचा 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास' हा कामगारवर्गाचा बृहद् इतिहास १९६३ साली प्रसिद्ध झाला. (याचे वडील मेथडिस्ट मिशनचे शिक्षक म्हणून बंगालमधील बांकुरा येथे अनेक वर्षे होते आणि रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) तिसरा रिचर्ड हॉगर्ट. या तिघांत मला तोच अधिक जवळचा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडा रेंगाळतो.

हॉगर्टचा जन्म १९१८ साली लीड्स शहरात झाला. वडील तो तान्हा असतानाच वारले. आठ वर्षांचा असताना आईही गेली. भावंडे नातेवाइकांत वाटली गेली आणि रिचर्ड हन्सलेट या कामगारवस्तीत आजीच्या घरी वाढला. शिष्यवृत्तीच्या बळावर तो चांगल्या शाळेत आणि पुढे विद्यापीठात पोचला. युद्धात उत्तर आफ्रिका व इटली पाहून परतल्यावर १९४६ साली हल विद्यापीठाच्या वतीने प्रौढांचे वर्ग घेऊ लागला. त्या वर्गांत तो शेक्सपिअर शिकवी. पण समोर बसलेली माणसे घरी जाऊन काय वाचतात, हा प्रश्न त्याला सतावू लागला. त्यातून १९५७ साली 'द यूझेस ऑफ लिटरसी' हे पुस्तक आले. साक्षर झालेल्या जनतेने त्या साक्षरतेचे काय केले, आणि इतरांनी त्या जनतेच्या साक्षरतेचा कसा धंदा केला, असा त्याचा विषय.

पुस्तकाचा पूर्वार्ध म्हणजे हन्सलेटच्या घरांचे चित्रण. शेगडीभोवतीची ऊबदार खोली, आईची काटकसर, आजीच्या म्हणी, क्लबमधील सामुदायिक गाणी, 'आपण' आणि 'ते लोक' अशी जगाची वाटणी. उत्तरार्धात बाजारात आलेली स्वस्त, भडक मासिके आणि कादंबऱ्या या घरांचे काय करीत आहेत याची मीमांसा. येथे एक गंमत आहे. प्रकाशकांना अब्रुनुकसानीच्या दाव्यांची भीती वाटली, तेव्हा हॉगर्टने खऱ्या भडक कादंबऱ्यांचे उतारे काढून टाकले आणि त्यांच्या जागी तसेच उतारे स्वतः रचून घातले. ते इतके हुबेहूब उतरले की आजही वाचकाला हसू आवरत नाही.

परंतु या ग्रंथातील ज्या प्रकरणाने मला पुस्तक मिटून बसावयास लावले, ते शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाविषयीचे आहे. घरात ऊब असलेली खोली एकच. तेथेच आई इस्त्री करते, रेडिओ चालू असतो, कोणी काही बोलत असते, आणि टेबलाच्या एका कोपऱ्यात मुलगा अभ्यास करीत असतो. त्याला कान बंद करून घ्यावे लागतात. हळूहळू ती सवयच होते. तो घरात असतो, पण घराचा राहत नाही. ज्या वर्गात तो वर चढतो तेथेही तो पुरता सामावत नाही. हॉगर्ट येथे दुसऱ्या कोणाची कथा सांगत नाही, हे उघड आहे.

वाचकहो, मी सेमिनरीतून पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आईने माझ्यासाठी वेगळी खुर्ची मांडली होती. तोवर मी सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवत असे. त्या खुर्चीवर मी बसलो. नको म्हणण्याचे मला सुचले नाही. पुढे प्लेटो आणि थॉमस अक्वायनस शिकलो, पण ती खुर्ची काय होती हे सांगणारा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या किती पदवीधरांनी असे कान बंद करून घेतले असतील, आणि किती आयांनी अशा खुर्च्या मांडल्या असतील!

हॉगर्टच्या पुस्तकापाठोपाठ १९५८ साली विल्यम्सचे 'कल्चर अँड सोसायटी' आले. त्याच वर्षीच्या एका निबंधात त्याने संस्कृती ही सामान्य, सर्वांची, रोजची गोष्ट आहे असे ठासून मांडले. आपल्या खेड्यातील, आपल्या बापाच्या घरातील माणसांना संस्कृती नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते त्याला मान्य नव्हते. पण केंब्रिजमध्ये शिकलेले थोर साहित्यही त्याला टाकून द्यावयाचे नव्हते. ही दोन्ही टोके हातात धरण्याचा आग्रह हा या विषयाचा मूळ पिंड आहे. पुढे अनेकांनी त्यातले एकच टोक धरले.

१९६२ साली हॉगर्ट बर्मिंगहॅम विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि १९६४ साली त्याने तेथे 'समकालीन संस्कृती-अभ्यास केंद्र' स्थापन केले. पैसा कोठून आला, ही कथा सांगताना आम्हा धर्मगुरूंना किंचित अवघडल्यासारखे होते. १९६० साली डी. एच. लॉरेन्स याच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवरून पेंग्विन या प्रकाशनसंस्थेवर अश्लीलतेचा खटला झाला. हॉगर्ट बचावपक्षाचा साक्षीदार होता. ही कादंबरी अश्लील तर नाहीच, उलट तिच्यामागची वृत्ती कडक नीतिवाद्याची आहे, असे त्याने न्यायालयात निर्भयपणे सांगितले. पेंग्विन खटला जिंकली. संस्थेचे मालक अ‍ॅलन लेन यांनी पुढे केंद्रासाठी सात वर्षे दरसाल सुमारे २,४०० पौंड देऊ केले, आणि त्या पैशातून केंद्राचा पहिला संशोधक-अध्यापक नेमला गेला. त्याचे नाव स्टुअर्ट हॉल.

हॉल १९३२ साली जमैकातील किंग्स्टन येथे जन्मला. १९५१ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला आला आणि मग इंग्लंडमध्येच राहिला. लंडनच्या सामान्य शाळांत बदली शिक्षक म्हणून त्याने काम केले होते. त्याच्या वर्णाचा माणूस त्या काळी इंग्रजी विद्यापीठांत विरळा. १९६८ नंतर हॉगर्ट केंद्रातून बाहेर पडून पुढे युनेस्कोत गेला आणि केंद्राची धुरा १९७९ पर्यंत हॉलने वाहिली. इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक केंद्राकडे संशयाने पाहत, कारण ते मासिके आणि चित्रपट अभ्यासी. समाजशास्त्रज्ञही संशयाने पाहत, कारण आपल्या शेतात कोणी दुसराच नांगर घेऊन शिरला आहे असे त्यांना वाटे. केंद्रात पाठ्यपुस्तक नव्हते. विद्यार्थी आणि अध्यापक गट करून एकत्र वाचीत, एकत्र लिहीत आणि टंकलिखित निबंधांच्या प्रती काढून वाटीत.

त्या गटांतून आलेल्या कामाची दोन उदाहरणे देतो. पॉल विलिस याने मध्य इंग्लंडमधील एका शाळेतील कामगारवर्गातील बारा मुलांबरोबर दीर्घकाळ वावरून १९७७ साली 'लर्निंग टू लेबर' लिहिले. प्रश्न साधा : कामगारांची मुले कामगारच का होतात? कोणी त्यांना जबरदस्तीने कारखान्यात ढकलीत नाही. विलिसला दिसले ते असे, की ही मुले शाळेची थट्टा करतात, आज्ञाधारक मुलांना हिणवतात, अंगमेहनत म्हणजे मर्दपणा असे मानतात, आणि आपल्या या बंडखोरीनेच बापाच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहतात. दुसरे उदाहरण १९७८ चे. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात १९७२ साली एका माणसाला मारहाण करून लुबाडण्यात आले आणि तीन किशोरवयीन मुलांपैकी एकाला त्यासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. वृत्तपत्रांनी तो शब्द, तो भाग, तो वर्ण यांची एकच मोळी बांधली. हॉल आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी ती भीती कशी निर्माण झाली आणि कोणाच्या उपयोगी पडली, याचा शोध 'पोलिसिंग द क्रायसिस' या ग्रंथात घेतला. त्याच वर्षी केंद्रातील स्त्रियांच्या गटाने स्वतंत्र ग्रंथ काढून आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, की तुमच्या या अभ्यासात मुली कोठे आहेत? अँजेला मॅकरॉबी हिने किशोरींच्या 'जॅकी' या साप्ताहिकाचा अभ्यास केला तो याच सुमारास.

येथे आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट. विल्यम्स १९६१ पासून केंब्रिजला शिकवू लागला. त्याच्या विद्यार्थ्यांत टेरी ईगल्टन हा आयरिश वंशाच्या कामगार कुटुंबातील कॅथलिक तरुण होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी १९६४ साली 'स्लँट' हे कॅथलिक नियतकालिक काढले. डॉमिनिकन धर्मगुरू लॉरेन्स ब्राइट त्यांच्या पाठीशी होते. उपासना, समाज आणि समाजवाद यांचा एकत्र विचार करणारे हे मंडळ १९६७ साली एका परिसंवादात विल्यम्स आणि हॉल यांच्यासह बसले आणि ते निबंध पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने आले. नियतकालिक १९७० साली बंद पडले. त्यांच्या सर्व मतांना मान डोलावता येणार नाही. काही मते तर मला पोरकट वाटतात. पण तो काळच तसा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा 'गाउदियुम एत स्पेस' हा दस्तऐवज जाहीर केला आणि त्यात संस्कृतीला एक संपूर्ण प्रकरण दिले. 'संस्कृती' हा शब्द तेथे अनेकवचनीही आहे. एकच उंच संस्कृती आणि बाकी सारे अडाणी, ही कल्पना तेथे नाही. बर्मिंगहॅम आणि रोम यांनी एकमेकांकडे पाहून लिहिले, असे मी म्हणत नाही. तरी दोन्हीकडे एकच प्रश्न दार ठोठावीत होता.

आता पदवीकडे वळू. बर्मिंगहॅमचे केंद्र पदव्युत्तर संशोधनासाठी होते. बी. ए.ला हा विषय आला तो मोठ्या विद्यापीठांतून नव्हे, तर पॉलिटेक्निकांतून. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हणजे पदविकेचे तंत्रविद्यालय. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाअखेर उभी राहिलेली पॉलिटेक्निके पदवीपर्यंत शिकवीत. मात्र पदवी त्यांच्या स्वतःच्या नावाने नसे, ती एका राष्ट्रीय परिषदेकडून मिळे. जुन्या विद्यापीठांना न परवडणारी धिटाई त्यांनी दाखविली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पोर्ट्समथ पॉलिटेक्निकने संस्कृती-अभ्यासाची पदवी सुरू केली आणि मग इतरांनी. शिकवणारे पुष्कळसे बर्मिंगहॅमच्या विचारात तयार झालेले. शिकणारे पुष्कळसे घरातील पहिलेच पदवीधर. १९९२ च्या कायद्याने ही पॉलिटेक्निकेच विद्यापीठे झाली.

दुसरी वाट मुक्त विद्यापीठाची. १९६९ साली सनद मिळालेल्या या विद्यापीठाने घरी बसून, नोकरी सांभाळून पदवी घेण्याची सोय केली होती. तेथे १९८२ ते १९८७ या काळात लोकप्रिय संस्कृतीवरचा एक अभ्यासक्रम चालला. त्याचा मुख्य रचनाकार टोनी बेनेट. हजारो गृहिणींनी, कारकुनांनी, शिक्षकांनी तो घेतला. त्याच्या आरंभीच्या भागातच अभ्यासासाठी घेतलेला विषय होता नाताळ! आपण ज्याला अनादी परंपरा समजतो त्या इंग्रजी नाताळातील झाड, भेटकार्डे, कौटुंबिक मेजवानी यांचे आजचे रूप बव्हंशी एकोणिसाव्या शतकात कसे घडले, हे विद्यार्थ्यांनी शिकावयाचे. मला वाटते, आगमनकाळात प्रत्येक धर्मग्रामाने असा एक पाठ ठेवावयास हरकत नाही. गोठ्यातील बाळाला त्याने काही धोका पोचणार नाही.

१९७९ साली हॉल याच मुक्त विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला आणि १९९७ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. नामांकित विद्यापीठांऐवजी हे ठिकाण त्याने पसंत केले, ते ज्यांना पूर्वशिक्षण नाही अशांशी बोलता यावे म्हणून. १९९७ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक काढले. त्याचा विषय सोनी कंपनीचा वॉकमन, जो १९७९ साली बाजारात आला होता. एक लहानसे यंत्र; पण त्याला पाच बाजूंनी प्रश्न विचारावयाचे. जाहिरातीत ते कसे दाखविले गेले? ते वापरणारा स्वतःला कोण समजतो? ते कसे व कोठे बनते? लोक ते प्रत्यक्षात कसे वापरतात? आणि त्यावर बंधने कोण घालतो? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावी अशी ही रीत आहे. आमच्या सेमिनरीत एका बंधूला त्याच्या काकाने आखातातून वॉकमन आणून दिला होता. त्यावर तो भक्तिगीतेच ऐके, तरी मौनाच्या वेळात तो जप्त झाला. गीते चालत होती, सर्वांनी मिळून गायिलेली. एकट्याने कानाला लावून ऐकलेली चालत नव्हती. त्या जप्तीत केवढे तत्त्वज्ञान होते, हे तेव्हा आम्हालाही कळले नाही आणि जप्त करणाऱ्यांनाही!

विषय पसरला तसे त्याचे दोषही पसरले. भाषा दुर्बोध झाली. रात्रवर्गात जन्मलेल्या विद्येचे निबंध रात्रवर्गातील माणसाला वाचता येईनात. स्वतः हॉगर्टने उतारवयात याविषयी कडवट लिहिले आहे. चांगले आणि टाकाऊ यांत भेदच करावयाचा नाही, ही वृत्तीही त्याला असह्य होती. माझेही मत त्याच्याच बाजूला झुकते. आजीचे गाणे आणि साबणाची जाहिरात या दोन्हींचा अभ्यास करावा, हे मान्य. त्या दोन्ही सारख्याच मोलाच्या, हे मान्य नाही. १९८६ साली विल्यम्सने लंडनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये व्याख्यान दिले. या विषयाचा आरंभ अमुक तीन ग्रंथांत झाला असे जे सांगितले जाते त्याला त्याने आक्षेप घेतला, वास्तविक त्यांतला एक ग्रंथ त्याचाच होता! आरंभ झाला तो प्रौढशिक्षणाच्या वर्गांत, असे त्याने बजावले. आपल्याला जे शिकविले जाते त्याचा आपल्या जगण्याशी संबंध काय, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो केला. दोन वर्षांनी विल्यम्स वारला.

बर्मिंगहॅमचे केंद्र १९८० च्या दशकाअखेर स्वतंत्र विभाग झाले आणि तेथेही बी. ए.चे विद्यार्थी येऊ लागले. विभाग भरभराटीला आला होता. २००१ च्या राष्ट्रीय संशोधन-मूल्यमापनात मात्र त्याला अपेक्षेहून खालची श्रेणी मिळाली आणि २००२ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने तो बंद केला. जगभरातून निषेधाची पत्रे आली, विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. उपयोग झाला नाही. ज्या घरातून हा विषय जगभर गेला ते घर असे मोजमापाच्या एका तक्त्यावर बंद झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या उच्चशिक्षणमंत्री मार्गारेट हॉज यांनी हलक्या दर्जाच्या पदव्यांना 'मिकी माउस पदव्या' म्हटले, आणि तो शब्द वृत्तपत्रांनी माध्यमे व संस्कृती यांच्या अभ्यासालाही चिकटविला. हॉल १० फेब्रुवारी २०१४ रोजी निवर्तला आणि त्यानंतर ठीक दोन महिन्यांनी, १० एप्रिल रोजी, हॉगर्ट.

इतके वाचून झाल्यावर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांना हा सारा इतिहास सांगितला नाही; हॉगर्टची आजी आणि ती एकच ऊबदार खोली, एवढे सांगितले. नोकरीविषयीही लपविले नाही. ही पदवी घेतलेली मुले वृत्तपत्रांत, प्रसारणात, प्रकाशनात, वस्तुसंग्रहालयांत, शाळांत काम करतात. पण वैद्यकाच्या पदवीप्रमाणे दारावर पाटी लावता येत नाही. वाडी विकूनच हा विषय शिकता येतो असे नाही, हेही सांगितले. मुंबईत समाजशास्त्र वा साहित्य घेऊन बी. ए. करता येते आणि पुढे हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात संस्कृती-अभ्यासाचा विभाग आहे. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "शिकून आली की तिला आमची लाज वाटेल की नाही, तेवढे सांगा." याचे उत्तर कोणत्याच माहितीपत्रकात नसते. माझ्याजवळही नव्हते. मी त्यांना आईने मांडलेल्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

वाडीच्या तुकड्याचा व्यवहार अद्याप झालेला नाही. अर्ज जानेवारी संपण्यापूर्वी करावयाचा आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा त्या घरावरून गेलो तेव्हा मुलगी ओटीवर आजीजवळ बसून लग्नातील एका गाण्याचे शब्द वहीत उतरवून घेत होती. आजी एका शब्दावर अडून बसली होती. मुलीने तो पुस्तकी मराठीत लिहिला होता, आणि आजीचे म्हणणे, तो तसा नाहीच, आपल्यात तसा कोणी म्हणत नाही, आधी तो खोड.